कोण कुणाची वाट बघतंय

‘पेंडिंग’ या शब्दाचा मला राग आहे. आजचा नाही, जुना आहे. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी सांगलीत, शेतीचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात नोकरीला होते, तेव्हापासूनचा. ऑफिसातून मी त्या शब्दाला हाकलून लावलं आणि तो गुपचूप आमच्या घरी येऊन बसला. ज्या माणसाच्या शेजारी बसून मी तो हाकलला, त्याच्याशी माझं लग्न होणार होतं. ते झालं नाही.

आमची खोली कारखान्याच्या फाटकाला लागून होती. वर पत्रा, आत तीन टेबलं, दोन फोन आणि तीन बायका. त्यात मी सगळ्यांत धाकटी आणि, बाकीच्या दोघींच्या मते, सगळ्यांत तोंडाळ. मार्केट यार्डाकडून वारा सुटला की खोलीभर हळदीचा वास यायचा. फोन यायचे ते ऊसवाल्यांचे. मोटर जळली, पंप पाणी ओढत नाही, मिस्त्री अजून आला नाही. आम्ही ते कागदावर उतरवायचो, कागद मिस्त्र्यांच्या हातात द्यायचो, मिस्त्री मोटरसायकलला किक मारायचे. ज्या कागदाचं काय करायचं ते कळायचं नाही, तो एका पत्र्याच्या ट्रेमध्ये जायचा. त्या ट्रेवर ‘पेंडिंग’ अशी चिठ्ठी डकवलेली होती. एकदा तिथं गेलेला कागद म्हणजे भिजत घोंगडं.

मग साहेबांनी संगणक आणायचं ठरवलं. साताऱ्यातल्या एका लहानशा कॉम्प्युटरच्या दुकानाला काम दिलं आणि दर सोमवारी तिथून एक तरुण एसटीनं यायला लागला. उंच, सावळा, हातात फ्लॉप्यांची डबी, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता पडद्याकडे बघायची सवय. आम्ही सगळ्या त्याला ‘सर’ म्हणायचो. तोंडावर ‘अहो सर’, पण माझ्या मनात तो लवकरच ‘तो’ झाला. इथंही मी तोच ठेवते.

त्यानं आधी इंग्रजीत सगळं करून आणलं होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तक्रारीला टिकेट, आम्हाला एजंट, काम सोपवलं की असाइन, झालं की क्लोज. आणि मधे आमचे जुने पाहुणे, पेंडिंग. साहेब खूश झाले. इंग्रजी बरं दिसतं, म्हणाले. आमच्यातल्या थोरल्या बाई मात्र चष्मा काढून म्हणाल्या, “टिकेट कंडक्टर देतो आणि एजंट विमा घेऊन दारात उभा राहतो. मी यातलं काहीच करत नाही.” मी म्हणाले, “सर, हे आम्हीच बघणार ना? गिऱ्हाईक तर हा पडदा बघणारच नाही. मग आम्ही एकमेकींत जसं बोलतो तसंच लिहा की.”

तो पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघत म्हणाला, “तुम्ही काय बोलता ते मला कुठं माहीत आहे? सांगा. मी लिहून घेतो.”

त्या उन्हाळ्यात आमचं हेच चाललं. संगणकात एक कार्ड बसवलं की मराठी अक्षरं उमटतात, ते त्यानं कुठून तरी मिळवून आणलं. मी सांगायची, तो लिहायचा, मग दोघं मिळून भांडायचो. ‘असाइन्ड टू’च्या जागी साहेबांना ‘नियुक्त प्रतिनिधी’ हवं होतं. मी म्हटलं, खोलीत आम्ही ओरडून काय विचारतो? “हे कुणाकडे आहे गं?” मग तेच घाला, ‘कुणाकडे’. गिऱ्हाइकाच्या कागदावर छापून जायला नको अशा आमच्या नोंदी असायच्या, म्हणजे हा माणूस तापट आहे, याच्याकडे कुत्रं बांधलेलं नसतं, याचा भाऊ वेगळंच सांगतो. त्या चौकोनाला काय म्हणायचं यावर दोन सोमवार गेले. ‘अंतर्गत शेरा’ त्यानं सुचवलं. मी हसले. “शेरा साहेब मारतात. हे आमचं आपसातलं आहे.” त्यानं मुकाट्यानं ‘आपसातलं’ असं टाइप केलं आणि म्हणाला, “झ्याक आहे.” तो साताऱ्यात राहायचा, नीट शहरी बोलायचा, पण खूश झाला की गाव बाहेर पडायचं. रहिमतपूरजवळचं गाव. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरी ऊस आणि आलं.

‘क्लोज’वरून मोठी लढाई झाली. मिस्त्री मोटर चालू झाली की ‘काम झालं’ म्हणून सही घेऊन यायचे. पण मोटर घुमते आणि पाणी येत नाही, हे आमच्या फोनवर रोजचं होतं. गावाकडे नवी मोटर बसली की पाटात पाणी पडायची वाट बघतात, घरची बाई त्या पाण्याला हळदकुंकू वाहते आणि मग मिस्त्रीच्या हातात चहाची कपबशी येते. त्याच्या आधी काम झालं असं कुणी म्हणत नाही. म्हणून मी म्हटलं, शेवटच्या खान्यात ‘पाणी आलं’ असं लिहा. साहेब म्हणाले, “ही काय नगरपालिका आहे का?” पण तो माझ्या बाजूनं उभा राहिला. त्याच्या आईनं असं हळदकुंकू वाहिलेलं त्यानं बघितलं होतं. साहेबांनी शेवटी मान डोलावली.

राहिला तो पेंडिंग. त्याचं काय करायचं ते एका माणसानं आम्हाला शिकवलं, आणि शिकवायला म्हणून तो आला नव्हता. भांडायला आला होता. इस्लामपूरकडचा शेतकरी, सोमवारचा दिवस, भर दुपार. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत तो थेट माझ्या टेबलाशी आला.

“आवं ताई, तुमी फोनवर काय म्हनला हुता? बघतो म्हनला हुता का न्हाई? मी तिकडं बांधावर बसून मिस्त्रीची वाट बघतोय, ऊस माजा वाळून चाललाय!”

त्याचा कागद ट्रेमध्ये होता. मी बाहेर काढला. पंप गॅरंटीतला होता, खरेदीचं बिल पाठवा असं आमच्यातल्या कुणीतरी त्याच्या पुतण्याला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे आम्ही त्याच्या बिलाची वाट बघत होतो. मी तसं सांगितलं. तो माणूस समोरच्या खुर्चीत बसूनच गेला.

“म्हंजी तुमी हितं माजी वाट बघताय, आन मी तिकडं तुमची? मग हलायचं कुनी?”

त्याला पाणी दिलं, मिस्त्री त्याच्याच बरोबर पाठवला. संध्याकाळपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. मी त्याला, म्हणजे सरांना, म्हटलं, “हा शब्दच लबाड आहे. पेंडिंग म्हटलं की वाट बघणं चालू आहे एवढंच कळतं. कोण कुणाची बघतंय ते कळतच नाही. दोघंही मान खाली घालून बसतात आणि दोघांनाही वाटतं आपलं काम झालं. याचे दोन तुकडे करा. आपण जायचं असेल तर तसं लिहा. त्यांनी कळवायचं असेल तर तसं लिहा.”

त्यानं दोन ओळी टाइप केल्या. ‘आपण जायचंय.’ ‘त्यांनी कळवायचंय.’ आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या हाताखाली माझ्या घरचे सगळे द्यायला पाहिजेत. आमच्यात कुणी कुणाला धड काही सांगत नाही.” मी हसले. त्या वाक्यातलं मला फक्त ‘माझ्या घरचे’ एवढंच ऐकू आलं होतं.

चालू करायच्या आधी खोट्या तक्रारी भरून बघायच्या होत्या. मी एका संगणकावर नसलेल्या गावाच्या नसलेल्या शेतकऱ्याचा पंप बिघडवायची, तो दुसऱ्यावर दुरुस्त करायचा. एकदा ‘आपसातलं’च्या चौकोनात त्यानं लिहिलं, ‘भडंग संपलं का?’ मी लिहिलं, ‘थोरल्या बाईंनी संपवलं.’ मग ते रोजचं झालं, म्हणजे सोमवारचं. बाकीचे दिवस मी सोमवारची वाट बघण्यात घालवायचे, आणि ती वाट बघणं इतकं गोड होतं की पुन्हा तसं कधी वाट्याला आलं नाही. खऱ्या तक्रारी सुरू करायच्या आदल्या दिवशी त्यानं ते सगळं पुसून टाकलं. पुसायलाच हवं होतं. पण मला रडू आलं, आणि ते मी सर्दीवर ढकललं.

त्याच दिवशी दोघी चहाला बाहेर गेल्या असताना तो पडद्याकडे बघत म्हणाला, “घरच्यांना तुमच्याकडे पाठवू का?”

मी कीबोर्डवरचा हात न काढता म्हणाले, “पाठवा.”

बस, एवढंच. आम्ही दोघं शिकलेले, नव्या जमान्यातले. मध्यस्थ नको, म्हणालो. कुणीतरी मावशीचा दीर मधे पडणार, इकडचं तिकडे करणार, मान मागणार, नकोच ते. त्याच्या वडिलांनी माझ्या वडिलांना सरळ पत्र टाकलं आणि एका रविवारी ती माणसं आमच्याकडे आली. जात-गोत जुळत होतं. फरक एवढाच, की आमची सांगलीत तिसरी पिढी होती, वडील शाळेत कारकून, आणि त्यांचं सगळं गावात होतं.

सुभेदार ताठ बसले होते. माझ्या वडिलांना त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही पावसाबद्दल. त्याची आई मात्र थेट स्वयंपाकघरात आली. माझ्या आईला बाजूला सारून स्वतः कपबश्या विसळायला लागली. मी म्हटलं, “काकू, राहू द्या.” ती माझ्याकडे बघून हसली.

“आमच्याकडं सासूला आत्या म्हनत्यात बरं का. आत्ता काकू म्हन, पर पाठ करून ठेव.”

जाताना तिनं माझ्या ओटीत नारळ दिला. तो दाराशी चपला घालायला वाकलेला होता. वर बघून एकदा हसला. मला वाटलं, झालं. पाणी आलं.

पण आमच्या घरची रीत अशी, की मुलगी बघून गेल्यावर मुलाकडच्यांनी कळवायचं. होकार असो की नकार, पोस्टकार्ड येतं. वडील रोज शाळेतून आले की आधी दाराच्या फटीत बघायचे. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी आईला म्हटलं, आपणच जाऊन येऊ की. आईनं वडिलांना सांगितलं. ते वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, “मुलीच्या बापानं मागे लागायचं नसतं. लोक म्हणतात, पोरीत काहीतरी खोट आहे. त्यांना हवी असेल तर कळवतील.” मी भांडले. आई म्हणाली, चार दिवस थांब. ते चार दिवस संपलेच नाहीत.

ऑफिसात मी तेव्हा काय करत होते? रोज सकाळी पडदा उघडून ‘आपण जायचंय’ची यादी काढत होते आणि मिस्त्र्यांच्या मागे लागत होते. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलीला शिकवत होते, की बाई गं, फोन ठेवताना आता पाळी कुणाची ते विचारून मगच ठेव. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मला आज सुचतं. तेव्हा मनात एकच होतं, की त्यांनी कळवायचंय.

त्याचं आमच्याकडचं काम संपलं होतं, त्यामुळे सोमवारही संपले. दुकानानं त्याला बंगळूरला कसल्या शिकवणीला पाठवलं असं साहेबांकडून कळलं. एका दुपारी फोन वाजला. मी उचलला तर तो. मागे एसटीडी बूथचा मीटर टिकटिकत होता. माझ्या दोन्ही बाजूंना दोघी कान टवकारून बसलेल्या, समोर साहेब उभे.

“सगळं चालू आहे ना?” त्यानं विचारलं.

“चालू आहे.”

“काही अडत नाही ना?”

“नाही. छान चाललंय.”

तो थांबला. मीही थांबले. मीटर चालूच होता.

“बाकी?” तो म्हणाला.

मला ओरडून सांगायचं होतं की बाकीच सगळं आहे, अहो, तुमच्या घरून कार्ड का येत नाही? पण साहेब माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, हा मुलाकडचा आहे, यानंच बोलावं. मी म्हणाले, “बाकी काही नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

पुढच्या वर्षी ऑफिसच्या नावानं त्याच्या लग्नाची पत्रिका आली. साहेबांनी ती नोटीस बोर्डाला लावली. थोरल्या बाईंनी कुणाला न विचारता दुपारीच ती काढून आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि मला म्हणाल्या, “चल, आज लवकर घरी जा.” मी घरी गेले नाही. कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले. त्याच्या घरच्यांना मी पसंत पडले नाही, आणि सांगायचं धैर्यही त्यांना झालं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. राग आला की सोसायला सोपं जातं, म्हणून त्या आईचाही राग केला, कपबश्या विसळणाऱ्या.

माझंही लग्न झालं, मिरजेत. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. नोकरी सुटली. पण फोन वाजला की अजूनही हात पेनकडे जायचा.

दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही औंधला गेलो होतो, यमाईच्या दर्शनाला. नवरा मुलीला खांद्यावर घेऊन पुढे चढत गेला होता. मी मागे पडले होते. वाटेत एका पायरीवर एक म्हातारी गुडघे चोळत बसली होती. मी पुढे गेले आणि मागून आवाज आला.

“तू सांगलीची पंपवाली न्हवं?”

मी ओळखलं, त्याची आई. वळून तिच्या पाया पडले. तिनं माझा हात धरून शेजारी बसवून घेतलं, मुलीबद्दल विचारलं, नवऱ्याबद्दल विचारलं. त्याचं सांगितलं. तो बंगळूरलाच असतो, सून नोकरी करते, नातू कानडी बोलतो, आजीला निम्मं कळत नाही. मी सगळ्याला हं हं म्हणत होते. मग ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

“येक इचारू? तुज्या वडलास्नी आमच्यात काय कमी दिसलं गं?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, “कमी? काकू, आम्ही तुमच्या कार्डाची वाट बघत होतो. तुम्ही कळवाल म्हणून.”

“आमी काय कळवायचं?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “मी नारळ दिला न्हवता व्हय तुज्या वटीत? पोरगी पसंत पडली, आता पोरीकडची मानसं घर-दार बघाया येनार. ती येऊन गेल्याबिगर पुढचं बोलनं हुतं व्हय कुटं? आपन हून घाई केली तर लोक म्हनत्यात, पोरातच काय तरी खोट हाय.”

तीच बोलत राहिली.

“लय वाट बघितली गं. घराला चुना दिला. नव्या कपबश्या आनल्या. हे तर कुठल्या लग्नाला गेलं न्हाईत, का कुठल्या जत्रंला. म्हनायचे, पावनं दारात येत्याल आन कुलूप बघून माघारी जात्याल. मिल्ट्रीतला मानूस, डूटीवर बसल्यावानी वसरीत बसून ऱ्हायचा. सांगलीकडची गाडी आली की उटून रस्त्यापतूर जायचा.”

“आणि तो?” मी विचारलं. तोंडून ‘ते’ यायला हवं होतं, पण ‘तो’ आलं.

“त्यो म्हनायचा, त्यांच्या घरात पसंत न्हाई, सोडा आता. म्या म्हनलं, पोरीला तरी इचार. त्यानं फोन लावला हुता म्हनं एकदा. तर तू म्हनलीस, बाकी काय न्हाई.”

वरून माझी मुलगी हाका मारत होती. ती म्हातारी तिकडे बघून हसली आणि तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तळवे खरखरीत होते आणि उन्हानं तापलेले होते.

“म्हंजी तूबी तिकडं वाट बघत हुतीस व्हय?”

किती वर्षं तो शब्द पाठ करून ठेवलेला होता, कुठं म्हणून वापरायची वेळ आली नव्हती.

“व्हय, आत्या,” मी म्हणाले.